शेजारच्या लेथवर फिरणारी भाषा

शिरोलीच्या एमआयडीसीतून सकाळी टेम्पो निघतो तेव्हा त्यात काळपट, खरखरीत कास्टिंग भरलेली असतात. कुठं पंपाची बॉडी, कुठं गिअरबॉक्सचं हाऊसिंग. ओतून, गार करून, वाळू झाडून, रनर-रायझर (ओतायच्या वाटांत गोठलेला जादा धातू) तोडून झालेलं असतं. आकार आलेला असतो, पण बेअरिंग जिथं बसायचं तिथं अजून दोन-तीन मिलिमीटर माल जादा असतो. टेम्पो उद्यमनगरात येतो, दोन लेथ आणि एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) असलेल्या एखाद्या शेडसमोर थांबतो आणि उरलेलं काम तिथं होतं. प्रत्येक फाउंड्रीवाला स्वतःचं मशीन शॉप काढत बसत नाही. लेथ शेजारी आहे, टर्नरचा हात बसलेला आहे, मग जॉबवर्क देऊन काम भागतं. कोल्हापुरातला निम्मा धंदा या देवाणघेवाणीवरच उभा आहे असं मला लहानपणापासून वाटत आलंय, कारण मी अशाच एका शेडमध्ये वाढलो. वडील टर्नर होते.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फाउंड्रीतल्या भट्टीच्या नोंदी ठेवण्यासाठी मी एक छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा केली आहे, ती तिला दाखवत होतो. 'जर उष्णता > १४०० तर गजर चालू' अशा धाटणीची भाषा, पाळीवरच्या सुपरवायझरला वाचता यावी अशी. तिनं विचारलं, "मामा, याचा मशीन कोड कुठं तयार होतो?" मी म्हटलं, प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आज्ञा माझ्याकडं तयार होत नाहीत. माझा कंपायलर, म्हणजे एका भाषेतून दुसरीत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, यातून सी या जुन्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला प्रोग्रॅम तयार करतो, आणि सीचा कंपायलर तो पुढं यंत्रापर्यंत नेतो. ती जरा थांबली आणि म्हणाली, "मग ही भाषा कसली? शेवटी सीच की ते."

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नीट द्यायचं तर कंपायलर आतून कसा असतो, इथून सुरुवात करावी लागते.

कंपायलरला ढोबळमानानं दोन कामं असतात. पहिलं, तुम्ही लिहिलेलं समजून घेणं. शब्द वेगळे करणं, वाक्याची रचना लावणं, 'उष्णता' हा आकडा आहे की मजकूर हे तपासणं, चूक असेल तर सांगणं. भाषेचं सगळं वेगळेपण या भागात राहतं. दुसरं काम, समजलेलं प्रोसेसरच्या आज्ञांत उतरवणं. हे काम वेगळ्याच जातीचं आहे. आजच्या साध्या इंटेल धाटणीच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये प्रोग्रॅमला वापरायला सर्वसाधारण कामाची १६ रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतली आकडे ठेवायची घरं) असतात, आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये शेकडो चल, म्हणजे नाव दिलेल्या किमती. कुठल्या क्षणी कोणता चल रजिस्टरमध्ये ठेवायचा आणि कोणता मेमरीत टाकायचा, कोणती आज्ञा आधी दिली तर प्रोसेसर रिकामा बसणार नाही, कोणता हिशोब पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या लूपच्या बाहेर काढता येईल, यावर लोकांनी अख्खं आयुष्य घातलं आहे. शिवाय प्रत्येक प्रोसेसरचं तंत्र निराळं. इंटेलच्या प्रोसेसरसाठी केलेलं एआरएम जातीच्या प्रोसेसरला चालत नाही.

आता पाच भाषा आणि सहा प्रकारची यंत्रं आहेत असं धरा. प्रत्येक भाषेसाठी प्रत्येक यंत्राचा वेगळा कंपायलर करायचा तर तीस कंपायलर झाले. मध्ये एक सामायिक भाषा ठेवली तर पाच कारागीर तिच्यापर्यंत आणतील, सहा कारागीर तिथून पुढं नेतील; अकरात काम झालं. हा हिशोब लोकांना फार लवकर सुचला होता. १९५८ साली 'अनकोल' नावाच्या अशा एका मधल्या भाषेचा प्रस्ताव मांडला गेला. सगळ्या भाषांना आणि सगळ्या यंत्रांना चालेल अशी एकच भाषा, ही त्यामागची कल्पना. ती कधी पुरी झाली नाही. सगळ्यांचं सगळं सामावून घेणारी भाषा कागदावरच बसवता येईना.

मग झालं असं की कुणी ठरवून न करताच एक भाषा त्या जागी येऊन बसली. १९७२च्या सुमाराला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी तयार केली, ती युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी. ती मधली भाषा व्हावी म्हणून कुणी केली नव्हती. पण युनिक्ससोबत ती यंत्रायंत्रांवर पोचली, आणि पुढं कुणी नवा प्रोसेसर बाजारात आणला की त्याच्यासोबत सीचा कंपायलर द्यायचा हा रिवाज पडला. आजही बोटाच्या नखाएवढा मायक्रोकंट्रोलर (यंत्रं चालवणारी छोटी चिप) घ्या, त्याच्यासाठी सीचा कंपायलर मिळतो. १९८७ साली जीसीसी हा सीचा मुक्त कंपायलर आला, तेव्हापासून त्याच्यावर अखंड काम चालू आहे. म्हणजे लेथ आहे, ती प्रत्येक गल्लीत आहे, आणि टर्नर चाळीस वर्षांचा मुरलेला आहे. नवी भाषा काढणाऱ्यानं तिथं जॉबवर्क का देऊ नये?

दिलं. आणि देणारे लहानसहान नव्हते. ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ साली बेल लॅब्जमध्ये 'सी विथ क्लासेस'वर काम सुरू केलं, तीच पुढं सी++ झाली. तिचा पहिला कंपायलर 'सीफ्रंट' सी++चा प्रोग्रॅम वाचून, पूर्ण तपासून, त्यातून सी बाहेर काढायचा. १९८५ साली सी++ लोकांच्या हाती पडली ती याच रूपात. ती तेव्हा इतक्या ठिकाणी पोचली त्याचं मोठं श्रेय या रस्त्याला आहे: जिथं सीचा कंपायलर होता तिथं सी++ आपोआप जाऊ शकली. आयफेल, मर्क्युरी, स्कीमच्या गँबिट आणि चिकनसारख्या आवृत्त्या, गेल्या वीसएक वर्षांतली व्हाला आणि निम, सगळ्या याच वाटेनं गेल्या. पायथॉनचा वेग वाढवायला वापरतात ते सायथॉनही सीच तयार करतं.

आपल्या भागातलंच एक उदाहरण सांगतो. शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पॅनेल उघडलं की पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा संगणक, दिसतो. पीएलसीच्या भाषांसाठी आयईसी ६११३१-३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, १९९३ साली आलेलं. त्यातली एक भाषा 'स्ट्रक्चर्ड टेक्स्ट'. या मानकातल्या भाषांसाठी 'मॅटआयईसी' नावाचा मुक्त कंपायलर आहे, तो काय करतो? सी तयार करतो. ओपनपीएलसी नावाच्या मुक्त पीएलसीत तोच वापरला गेला. म्हणून तोच प्रोग्रॅम रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावरही चालवता येतो आणि साध्या पीसीवरही.

भाचीचा मूळ प्रश्न मात्र तसाच आहे. शेवटी सीच असेल तर भाषा कसली?

भाषा म्हणजे तिचं व्याकरण नाही आणि शब्दही नाहीत. 'अमुक लिहिलं तर नक्की काय होईल' हे वचन म्हणजे भाषा. माझ्या भाषेत एखादी गोष्ट लिहिली तर तिचा अर्थ माझ्या भाषेच्या नियमांनी ठरतो, सीच्या नाही. सी हे तो अर्थ पोचवायचं साधन. पण सीलाही स्वतःचा अर्थ आहे, स्वतःचे नियम आहेत. आणि दोन भाषांचे नियम दिसायला सारखे आणि आतून वेगळे असतात, तिथं घात होतो. हे मला एका फाउंड्रीत चांगलंच समजलं.

भट्टीच्या धातूचं तापमान दर मिनिटाला नोंदवायचं होतं. ६० नोंदींची एक गोल पट्टी ठेवली होती: मिनिट शून्य ते एकोणसाठ, मग पुन्हा शून्यावर. पडद्यावर आत्ताचं तापमान आणि आठ मिनिटांपूर्वीचं तापमान शेजारी शेजारी दाखवायचं, म्हणजे धातू किती गार होतोय ते कळेल. आठ मिनिटांपूर्वीची जागा कशी काढायची? आत्ताच्या मिनिटातून आठ वजा करा आणि साठानं भागून बाकी घ्या. पाचव्या मिनिटाला पाच वजा आठ, म्हणजे उणे तीन. माझ्या भाषेचा नियम होता की साठानं भागल्यावर बाकी नेहमी शून्य ते एकोणसाठमध्येच येईल, म्हणून उणे तीनची बाकी सत्तावन्न. बरोबर: गेल्या तासाचं सत्तावन्नावं मिनिट.

माझ्या कंपायलरनं हे बाकीचं चिन्ह जसंच्या तसं सीच्या बाकीच्या चिन्हात बदललं होतं. सीमध्ये उणे तीनला साठानं भागलं की बाकी उणे तीनच येते. मग प्रोग्रॅमनं पट्टीच्या सुरुवातीच्याही तीन घरं मागं जाऊन मेमरीत जे काही पडलं होतं ते वाचलं आणि तापमान म्हणून दाखवलं. सीनं तक्रार केली नाही, कारण पट्टीच्या बाहेर वाचू नको हे सी तपासत नाही. दर तासाची पहिली आठ मिनिटं पडद्यावर भलतेच आकडे, नंतर बावन्न मिनिटं सगळं ठीक. आधी सेन्सरवर संशय गेला, मग वायरिंगवर. दोन पाळ्या त्यात गेल्या. मेल्टिंगवर उभा असलेला माणूस त्या आकड्याकडे बघून निर्णय घेतो. चुकीचा आकडा दाखवण्यापेक्षा कोरा पडदा बरा, हे तेव्हा मला नीट पटलं.

चूक सीची नव्हती. सीनं स्वतःचं वचन पाळलं. मी माझ्या भाषेचं वचन सीमध्ये पूर्ण लिहून दिलं नव्हतं. योग्य रूपांतर असं हवं होतं: बाकी काढ, ती शून्यापेक्षा लहान आली तर साठ मिळव. एक छोटी तपासणी जास्त.

सीवर भाषा बसवताना अशी ठिकाणं पावलोपावली येतात, आणि त्यातली सगळ्यात निसरडी जागा बेरजेची आहे. ३२ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात सगळ्यात मोठी संख्या २१४७४८३६४७. तिच्यात एक मिळवला तर? जावाचं वचन आहे की आकडा फिरून सगळ्यात लहान ऋण संख्येवर, उणे २१४७४८३६४८ वर जाईल. पायथॉनचं वचन आहे की संख्या हवी तेवढी मोठी होईल. सी म्हणते, असं होताच कामा नये. झालं तर पुढं काय होईल याची हमी नाही. ही शेवटची ओळ वाचायला सौम्य वाटते. तिचा अर्थ असा की कंपायलर 'हे कधीच होणार नाही' असं धरून चालतो. तुम्ही जपून तपासणी लिहिलीत, 'एक मिळवल्यावर संख्या आधीपेक्षा लहान झाली का?', तर तो म्हणतो, असं होऊच शकत नाही, आणि ती तपासणीच काढून टाकतो.

वडिलांच्या शेडमधलं उदाहरण इथं चपखल बसतं. कास्टिंगवर कधी एक छोटा उंचवटा मुद्दाम ठेवलेला असतो, पुढच्या ऑपरेशनला जॉब पकडता यावा म्हणून. ड्रॉइंगवर त्याची खूण नसेल तर चांगला टर्नर काय करतो? तो जादा माल समजून साफ उडवतो. जितका हुशार टर्नर, तितका सफाईनं उडवतो. कच्चा टर्नर कदाचित राहू देईल. म्हणूनच सीच्या कंपायलरला 'ऑप्टिमायझेशन नको' असं सांगितलं की प्रोग्रॅम ठीक चालतो आणि 'जोरात कर' म्हटलं की बिघडतो, हा अनुभव अनेकांना येतो. लोक म्हणतात कंपायलरमध्ये बग आहे. बहुतेक वेळा ड्रॉइंगवर खूण राहिलेली असते.

यावर मार्ग आहे. सीमध्ये चिन्ह नसलेल्या पूर्णांकांची बेरीज टोक ओलांडल्यावर शून्यापासून पुन्हा सुरू होईल, असं स्पष्ट लिहून दिलेलं आहे. म्हणून जावासारखी भाषा सीमध्ये उतरवणारा संख्या आधी चिन्हरहित करतो, बेरीज करतो, मग पुन्हा चिन्हासहित करतो. वाचायला विचित्र दिसतं, पण यंत्रावर त्याची शेवटी एकच बेरीज उरते. जीसीसीला 'बेरीज फिरू दे' असं सांगणारा पर्यायही आहे. मी स्वतः पहिला मार्ग घेतो. पर्याय द्यायला उद्या दुसरा कुणीतरी विसरेल. लिहून दिलेला कोड विसरत नाही.

तसंच क्रमाचं. एका फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या नाव दिलेल्या कामाला, दोन किमती द्यायच्या आहेत आणि त्या काढायला दोन वेगळी फंक्शनं बोलवायची आहेत. आधी कोणतं बोलवायचं? अनेक भाषांचं वचन असतं: डावीकडून उजवीकडे. सी कोणताच क्रम बांधून घेत नाही. एक कंपायलर डावीकडून जाईल, दुसरा उजवीकडून. म्हणून सी तयार करणारा कंपायलर एका ओळीत सगळं गुंफत नाही. पहिली किंमत काढून एका तात्पुरत्या चलात ठेवतो, दुसरी दुसऱ्या चलात, आणि मग फंक्शन बोलावतो. असं केलेलं सी माणसाला कंटाळवाणं वाटतं: लांबच लांब, एका ओळीत एकच काम, जागोजागी 'गोटू', म्हणजे 'अमक्या ओळीवर उडी मार' ही आज्ञा. शाळा-कॉलेजात 'गोटू' वापरू नका असं शिकवतात, आणि माणसानं लिहिलेल्या प्रोग्रॅमसाठी ते बरोबरच आहे. यंत्रानं लिहिलेल्या सीमध्ये मात्र गोटूच सोयीचा, कारण तिथं सीकडं थोड्या वरच्या दर्जाची असेंब्ली (प्रोसेसरच्या आज्ञांचं लिखित रूप) म्हणून बघायचं असतं. तयार होणारं सी सुंदर करायच्या मागं लागलेले प्रकल्प मी पाहिले आहेत. माझं मत असं की तो वेळ वाया जातो, आणि सुंदर करण्याच्या नादात अर्थ निसटतो.

इथवर ज्या अडचणी सांगितल्या त्या जास्तीच्या ओळी लिहून सुटतात. काही गोष्टी मात्र सीला मुळात म्हणताच येत नाहीत.

पहिली गोष्ट, शेवटची हाक. एखादं फंक्शन आपलं काम संपवताना शेवटी दुसऱ्या फंक्शनला बोलावतं आणि त्याचंच उत्तर आपलं उत्तर म्हणून देतं. आता पहिल्याचं काही उरलेलं नाही, मग त्यानं स्टॅकवरची, म्हणजे चालू फंक्शनांच्या नोंदी एकावर एक रचलेल्या मेमरीतली, जागा अडवून का बसावं? स्कीम या भाषेचं वचनच आहे की अशी हाक कितीही वेळा दिली तरी स्टॅक वाढणार नाही. स्कीममध्ये लूपसुद्धा अशाच हाकांनी होतात, त्यामुळं हे वचन मोडलं तर दहा लाख फेऱ्यांचा साधा लूप प्रोग्रॅम पाडतो. सी हे वचन देत नाही. कंपायलरनं केलं तर केलं.

यातून सुटायला लोकांनी एकेक युक्त्या काढल्या. एक साधी: कुणी कुणाला थेट बोलवायचंच नाही. प्रत्येक फंक्शन आपलं काम करून परत येतं आणि 'आता याला बोलाव' असा पत्ता मुकादमाला देतं. मुकादम एका लूपमध्ये बसून पत्ते घेतो आणि एकेकाला बोलावतो. स्टॅक वाढत नाही, पण प्रत्येक कामासाठी मुकादमाकडे जाऊन यायचा वेळ लागतो. दुसरी युक्ती हेन्री बेकर यांची, १९९०च्या दशकाच्या मध्यातली, आणि ती मला आजही थक्क करते. ते म्हणाले, स्टॅक वाढू दे. कुठलंच फंक्शन परत येऊ नये. नवीन वस्तूही स्टॅकवरच ठेवा. स्टॅक भरत आला की त्यातलं जे अजून लागणार आहे तेवढं उचलून दुसरीकडं मेमरीत ठेवा आणि एका उडीत स्टॅक पुन्हा रिकामा करून पुढं चालू लागा. बाकी सगळं आपोआप टाकून दिलं गेलं. चिकन स्कीम याच पद्धतीनं चालतं. सीच्या मर्यादेतून वाट काढताना मेमरीच्या साफसफाईचाही प्रश्न त्यात सुटला. अलीकडे क्लँग कंपायलरनं २०२१ साली 'ही शेवटची हाकच आहे, स्टॅक वाढवू नकोस' असं सक्तीनं सांगायची सोय दिली, नंतर जीसीसीमध्येही ती आली. पण ती सी भाषेच्या मानकाचा भाग नाही.

दुसरी गोष्ट, साफसफाई. जावा किंवा पायथॉनमध्ये नको झालेली मेमरी आपोआप परत घेतली जाते. हे करणाऱ्याला आधी कळावं लागतं की सध्या काय वापरात आहे. शेडमधला भंगारवाला आठवा. बेंचवर पडलेला तुकडा भंगार आहे की कुणाचा अर्धा झालेला जॉब, हे त्याला बेंचवरच्या माणसानं सांगायला हवं. सीचा कंपायलर ते सांगत नाही. तो वस्तूचा पत्ता कधी रजिस्टरमध्ये ठेवतो, कधी स्टॅकवर, आणि कुठं ठेवला याची यादी देत नाही. मग दोन रस्ते. एक म्हणजे भंगारवाल्यानं घाबरून चालायचं: जे जॉबसारखं दिसतं ते उचलायचं नाही, मग ते खरोखर भंगार असलं तरी चालेल. बोएम यांच्या नावानं ओळखला जाणारा मेमरीचा कलेक्टर, म्हणजे साफसफाई करणारा प्रोग्रॅम, असा चालतो. स्टॅकवरचा कुठलाही आकडा पत्त्यासारखा दिसला तर त्या पत्त्यावरची वस्तू वापरात आहे असं तो धरतो. दुसरा रस्ता म्हणजे प्रत्येक माणसानं हातातल्या जॉबची नोंद स्वतः वहीत ठेवायची. तयार केलेल्या सीमध्ये प्रत्येक फंक्शन आपल्याकडचे पत्ते एका वेगळ्या यादीत लिहितं. अचूक काम होतं, पण वही लिहिण्यात वेळ जातो आणि सीच्या कंपायलरची अर्धी हुशारी वाया जाते, कारण वहीत लिहिलेली गोष्ट त्याला नुसती रजिस्टरमध्ये ठेवून चालत नाही.

एक्सेप्शनचंही तेच. खोलवरच्या फंक्शनमध्ये चूक झाली तर मधल्या सगळ्यांना ओलांडून वर उडी मारायची, वाटेत प्रत्येकानं उघडलेल्या फायली बंद करत. सीमध्ये यासाठी नीट सोय नाही. प्रत्येक हाकेनंतर 'चूक झाली का?' हे तपासावं लागतं, नाहीतर उडीच्या महागड्या युक्त्या कराव्या लागतात. सी++मध्ये एक्सेप्शन आले तेव्हा सीफ्रंटला ते पेलले नाहीत. ते घालायचा प्रयत्न १९९३च्या सुमाराला सोडून देण्यात आला आणि सी++ थेट मशीन कोड करणाऱ्या कंपायलरांकडं गेली.

हास्केल या भाषेच्या जीएचसी कंपायलरची गोष्ट यापेक्षाही बोलकी आहे. तोही कित्येक वर्षं सी तयार करून जीसीसीकडं द्यायचा. पण सीच्या फंक्शनांच्या सुरुवातीला आणि शेवटी जी ठरावीक जुळवाजुळव होते, ती हास्केलला नको होती. मग त्यांनी पर्ल भाषेत एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली. जीसीसीनं तयार केलेली असेंब्ली ती उघडायची, नको त्या ओळी शोधून कापायची आणि मग पुढं पाठवायची. तिला त्यांनीच 'ईव्हिल मँगलर', म्हणजे दुष्ट चिरफाड्या, असं नाव दिलं होतं. मशीनिंग होऊन आलेल्या जॉबवर पुन्हा हातानं कानस मारावी तसं ते काम. जीसीसीची नवी आवृत्ती आली आणि असेंब्लीची धाटणी जरा बदलली की स्क्रिप्ट मोडायची. २०१०च्या सुमाराला त्यांनी हा रस्ता सोडला. तरी सी तयार करायची साधी, संथ वाट त्यांनी ठेवून दिली. एखाद्या नव्या यंत्रावर हास्केल पहिल्यांदा न्यायचं असेल तर ती कामी येते. मला हा निर्णय फार समजूतदार वाटतो.

मग आज नवी भाषा करणारा काय करतो? अनेक जण एलएलव्हीएम या कंपायलर बांधायच्या तयार सामानाकडं जातात. क्रिस लॅटनर यांनी २००० साली इलिनॉय विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प. त्याची मधली भाषा माणसानं लिहावी म्हणून केलेलीच नाही. कंपायलरांनी एकमेकांशी बोलावं म्हणून केली आहे. बेरीज फिरली तर चालेल की नाही, हे तिथं प्रत्येक बेरजेवर वेगळं लिहिता येतं. शेवटची हाक सक्तीची करता येते. रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया यावर उभ्या आहेत. अनकोलचं जुनं स्वप्न काही अंशी इथं पुरं झालं म्हणता येईल. पण एलएलव्हीएम हे अवजड धूड आहे, आवृत्तीगणिक बदलतं, आणि लहान मायक्रोकंट्रोलरच्या काही घराण्यांना अजून फक्त त्यांच्या कंपनीचा सी कंपायलरच चालतो. माझ्या भट्टीच्या नोंदींसाठी सीच योग्य होतं. एकट्या माणसानं काही महिन्यांत उभं केलेलं काम आहे ते.

ब्राउझरमध्ये तर ही कथा पुन्हा घडली, फक्त सीच्या जागी जावास्क्रिप्ट होती. ब्राउझरला दुसरी कुठली भाषा कळतच नव्हती, मग सगळ्यांनी जावास्क्रिप्ट तयार करायला सुरुवात केली. एम्स्क्रिप्टन या कंपायलरमुळं सीचे मोठमोठे प्रोग्रॅम जावास्क्रिप्ट होऊन ब्राउझरमध्ये चालू लागले. इथं स्वतः सीच कच्चं कास्टिंग झाली. फायरफॉक्स ब्राउझर करणाऱ्या मोझिलानं २०१३ साली एएसएम-डॉट-जेएस आणलं: जावास्क्रिप्टचाच एक काटेकोर तुकडा, ज्यात प्रत्येक बेरजेनंतर शून्याशी एक 'ऑर' क्रिया जोडायची. उत्तर ३२ बिटांत मावत असेल तर त्या क्रियेनं ते बदलत नाही, पण इंजिनाला हमी मिळते की हा ३२ बिटांचा पूर्णांक आहे. म्हणजे ड्रॉइंगवरची खूणच. सगळीकडं खुणा करण्यापेक्षा वेगळी मधली भाषाच करू या, असं म्हणत वेबअसेंब्ली आली. २०१७ साली चारही मोठ्या ब्राउझरांत ती पोचली.

एक व्यवहाराची बाब राहिली, आणि ती नवशिक्यांच्या फार लवकर अंगावर येते. प्रोग्रॅम पडला की डीबगर, म्हणजे चूक शोधायचं साधन, ओळ दाखवतो सीची. सुपरवायझरनं लिहिलेली ओळ बाराची, आणि डीबगर म्हणतो ओळ तीन हजार चारशे. सीमध्ये यावर जुना उपाय आहे: 'लाइन' नावाचा निर्देश. 'इथून पुढचं मूळच्या अमुक फाइलच्या बाराव्या ओळीतून आलं आहे' असं तयार केलेल्या सीमध्ये लिहून ठेवायचं, मग चुकीचा संदेशही बाराव्या ओळीचाच येतो. पहिल्या दिवसापासून हे घालावं. आणि सीच्या कंपायलरची चूक वापरणाऱ्यापर्यंत जाऊच देऊ नये. त्याच्या प्रोग्रॅममध्ये चूक असेल तर ती आपल्या कंपायलरनं, आपल्या भाषेत, सी तयार करण्याआधी सांगायची. खराब कास्टिंग टर्नरकडं गेल्यावर त्याची हत्यारं मोडतात; ते फाउंड्रीतच बाजूला काढायचं असतं.

भाची हे सगळं ऐकत होती. तिला तिच्या प्रोजेक्टसाठी अशीच एक छोटी भाषा करायची आहे, सीमध्ये उतरणारी. "मग व्याकरणापासून सुरू करू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, अगं थांब, आधी भागाकार ठरव. तिनं शेडमधल्या एका जुन्या चलानाची कोरी बाजू घेतली आणि चार रकाने आखले: सात भागिले दोन, उणे सात भागिले दोन, सात भागिले उणे दोन, उणे सात भागिले उणे दोन. पहिल्या ओळीत सीच्या बाक्या लिहिल्या: एक, उणे एक, एक, उणे एक. दुसऱ्या ओळीत पायथॉनच्या: एक, एक, उणे एक, उणे एक. तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला तिनं तिच्या भाषेचं नाव लिहिलं आणि पेन्सिल कानामागं खोवून विचार करत बसली.